आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला आहे? पहिल्या केमोआधी विचारायचा प्रश्न

सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये शेवटी लिहिलेले असते, 'लिव्हरमध्ये मेटास्टॅसिस'. घरातले कोणीतरी तो शब्द मोबाइलवर शोधते आणि पहिल्याच ओळीत 'चौथी स्टेज' असे वाचते. मग फाइल घेऊन नातेवाईक माझ्यासमोर बसतात. पेशंटला बहुतेक वेळा बाहेर बाकावर बसवलेले असते. आवाज खाली आणून प्रश्न येतो, "डॉक्टर, आता काही उपयोग आहे का?"

मी कोल्हापुरात जनरल प्रॅक्टिस करतो. मी कॅन्सरतज्ज्ञ नाही. आजार वेळेत ओळखणे, योग्य ठिकाणी पाठवणे आणि उपचार चालू असताना घराजवळ आधार देणे, एवढे माझे काम. हा लेख त्याच भूमिकेतून लिहीत आहे.

सुरुवातीला माझी एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत गुऱ्हाळ चालवणारे एक गृहस्थ माझ्याकडे होते. आतड्याचा कॅन्सर निघाला, लिव्हरमध्ये दोन गाठी होत्या. मी त्यांच्या मुलाला सांगितले, "फार धावाधाव करू नका, घरी नीट सांभाळा." मुलाने माझे ऐकले नाही. तो वडिलांना मुंबईला घेऊन गेला. तिथे केमो झाली, आतड्याचे आणि लिव्हरचे ऑपरेशन झाले. त्यानंतर सात वर्षे ते गृहस्थ माझ्याकडे बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला येत होते. मला त्यांनी कधी बोल लावला नाही, पण मी ते विसरलेलो नाही.

सगळ्यांच्या बाबतीत असे घडत नाही, हेही याच लेखात स्पष्ट लिहिणार आहे. पण 'चौथी स्टेज' या दोन शब्दांवर निर्णय घ्यायचा नसतो. निर्णय घ्यायचा असतो तो एका प्रश्नाच्या उत्तरावर : या गाठी आज किंवा काही महिन्यांनी काढता येतील का? आणि हा प्रश्न पहिली केमो देण्याआधी लिव्हरच्या सर्जनला विचारलेला असावा.

कॅन्सर लिव्हरमध्येच का जातो?

"वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही, मग लिव्हरला कॅन्सर कसा?" हे मला नेहमी विचारले जाते. याचे उत्तर रक्ताच्या वाटेत आहे. आतड्यातून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून आधी लिव्हरमध्ये जाते. आतड्यातल्या गाठीपासून सुटलेल्या पेशी याच वाटेने जातात आणि पहिल्या मुक्कामाला, म्हणजे लिव्हरमध्ये रुजतात. निदानाच्या वेळीच साधारण चार-पाचपैकी एका रुग्णात कॅन्सर लिव्हरमध्ये पोहोचलेला असतो. काहींच्यात तो आतड्याच्या ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षांनी दिसतो.

हा आजार लिव्हरमध्ये असला तरी तो आतड्याचाच कॅन्सर असतो. लिव्हरमध्येच सुरू होणाऱ्या कॅन्सरची औषधे वेगळी, याची वेगळी. म्हणून दुसऱ्या कोणाच्या 'लिव्हर कॅन्सर'च्या अनुभवाशी तुलना करू नका.

आपल्याकडे हा आजार फक्त म्हातारपणी होतो, असेही नाही. टाटा मेमोरियलमध्ये आलेल्या ८०० रुग्णांच्या एका पाहणीत सरासरी वय सुमारे ४७ होते. शौचातून रक्त पडते म्हणून 'साधी मूळव्याध आहे' असे समजून महिनोन्महिने मलम लावणारे चाळिशीतले लोक मी पाहतो. रक्त पडणे, शौचाची सवय बदलणे, कारण न कळता हिमोग्लोबिन कमी होणे, यांपैकी काहीही असेल तर कोलोनोस्कोपी करून घ्या.

तीन गट : तुमचा पेशंट कोणत्या गटात आहे?

तज्ज्ञ डॉक्टर स्कॅन पाहून ढोबळमानाने तीन गट करतात.

१. आत्ताच काढता येण्यासारखा आजार. गाठी थोड्या आहेत, किंवा लिव्हरच्या एका बाजूला आहेत, आणि त्या काढल्यावर पुरेसे निरोगी लिव्हर उरते. सुरुवातीला या गटात साधारण पाचातला एक रुग्ण असतो.

२. आज नाही, पण केमोने आकसल्यावर काढता येईल असा आजार. गाठी मोठ्या आहेत, महत्त्वाच्या शिरांना चिकटलेल्या आहेत किंवा दोन्ही बाजूंना आहेत. औषधाला चांगला प्रतिसाद मिळाला तर यातले काही जण पहिल्या गटात येतात.

३. काढता न येणारा आजार. लिव्हर गाठींनी भरलेले आहे, किंवा पोटाच्या पडद्यावर, दोन्ही फुप्फुसांत, हाडांत आजार पसरला आहे. इथे औषधे, वेदनेवर नियंत्रण आणि चांगले दिवस वाढवणे हे उद्दिष्ट असते.

गाठींची संख्या ऐकून घाबरू नका. किती काढायचे यापेक्षा किती उरते, हे सर्जन पाहतो. लिव्हर हा पुन्हा वाढणारा अवयव आहे. निरोगी लिव्हरचा पाव भाग जरी रक्तपुरवठ्यासह शिल्लक राहिला, तरी तो काही आठवड्यांत-महिन्यांत वाढून काम सांभाळतो. बरीच केमो झालेली असेल तर निदान ३० टक्के, आणि लिव्हर सिरोसिसने खराब असेल तर ४० टक्के भाग उरावा लागतो. मधुमेह, फॅटी लिव्हर, दारू यांचा प्रश्न इथे येतो.

पहिल्या केमोआधी सर्जनचे मत का?

बऱ्याचदा घडते ते असे. निदान होते, घाईने केमो सुरू होते. सहा महिने, बारा सायकल होतात. मग कोणीतरी म्हणते, "आता सर्जनला दाखवून बघा." यात तीन अडचणी येतात.

- गाठ स्कॅनवर दिसेनाशी होते. ऐकायला ही आनंदाची बातमी वाटते. पण स्कॅनवरून गेलेल्या गाठीच्या जागी पुष्कळदा जिवंत पेशी उरलेल्या असतात. सर्जनला मात्र ती जागा सापडत नाही. आधीचा स्कॅन त्याने पाहिलेला असेल तर तो वेळेत थांबायला सांगतो, किंवा बारीक गाठीजवळ खूण करून ठेवायला सांगतो.
- केमोने लिव्हर थकते. ऑक्झॅलिप्लॅटिनने लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, इरिनोटेकॅनने लिव्हरमध्ये चरबी साठते. जितकी जास्त केमो, तितके ऑपरेशन जोखमीचे. म्हणून ऑपरेशन करायचे असेल तर साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून निर्णय घेतला जातो.
- औषधांची निवड बदलते. गाठी लवकर आकसाव्यात असे उद्दिष्ट असेल तर वेगळे औषध निवडले जाते. बेव्हासिझुमॅब चालू असेल तर जखम भरण्यात अडथळा येतो, म्हणून ते ऑपरेशनच्या सुमारे सहा आठवडे आधी थांबवावे लागते.

चांगल्या केंद्रांमध्ये कॅन्सरचे डॉक्टर, आतड्याचे व लिव्हरचे सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून फाइल पाहतात. याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. तुमची फाइल तिथे मांडली गेली का, हे विचारण्यात संकोच करू नका. एक-दोन आठवड्यांच्या अशा थांबण्याने सहसा नुकसान होत नाही. आतडे बंद पडले असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल तर मात्र आधी त्यावर तातडीने उपचार करावे लागतात.

कोणत्या तपासण्या लागतात?

लिव्हरच्या गाठींसाठी कॉन्ट्रास्टसह सीटी आणि पुष्कळदा लिव्हरचा एमआरआय लागतो. बारीक गाठी एमआरआयमध्ये जास्त चांगल्या दिसतात. ऑपरेशनचा विचार असेल तर इतरत्र पसरला आहे का हे पाहायला पेट स्कॅन सांगितला जातो. सीईए ही रक्ताची तपासणी उपचाराचा परिणाम पाहायला उपयोगी पडते.

आतड्याच्या गाठीच्या तुकड्यावर आरएएस, बीआरएएफ आणि एमएसआय या तपासण्या करून घ्या. कोणते औषध लागू पडेल हे त्यावर ठरते. या तपासण्यांविना महागडे इंजेक्शन सुरू करणे म्हणजे अंधारात बाण मारणे.

एक खबरदारी घ्या. ऑपरेशन शक्य असेल तर लिव्हरच्या गाठीत सुई घालून तुकडा काढण्याआधी सर्जनला विचारा. सुईच्या वाटेने पेशी सांडण्याचा धोका असतो, आणि आतड्याच्या बायोप्सीत निदान झालेले असेल तर सहसा दुसऱ्या बायोप्सीची गरजही नसते.

उपचाराचे पर्याय

ऑपरेशन. गाठ आणि भोवतीचा थोडा निरोगी भाग काढतात. उरणारे लिव्हर कमी पडणार असेल, तर आजारी बाजूची पोर्टल शीर आधीच बंद करतात. रक्त दुसऱ्या बाजूला वळते आणि ती बाजू काही आठवड्यांत वाढते, मग ऑपरेशन करतात. दोन्ही बाजूंना गाठी असतील तर दोन टप्प्यांत ऑपरेशन होऊ शकते. अनुभवी केंद्रांत या ऑपरेशनमध्ये मृत्यूचे प्रमाण शंभरात पाचपेक्षा कमी असते.

आतड्याचे आधी की लिव्हरचे आधी? दोन्ही एकाच वेळी, आधी आतडे, किंवा आधी लिव्हर, असे तिन्ही मार्ग वापरले जातात. आतड्याची गाठ त्रास देत नसेल आणि लिव्हरचा आजार मोठा असेल तर आधी लिव्हर घेणे योग्य ठरू शकते. गुदाशयाच्या गाठीत मध्ये रेडिएशनही येते.

गाठ जाळणे. बारीक सुई गाठीत घालून उष्णतेने ती जाळतात. याला ॲब्लेशन म्हणतात. ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी हा चांगला पर्याय आहे. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा लहान गाठींसाठी ॲब्लेशनचा परिणाम ऑपरेशनपेक्षा कमी ठरला नाही, आणि त्रास कमी झाला. मोठ्या रक्तवाहिनीला किंवा पित्तनलिकेला लागून असलेल्या गाठीत मात्र अडचण येते. काही वेळा एकाच ऑपरेशनमध्ये मोठी गाठ काढतात आणि लहान गाठी जाळतात.

केमो आणि टार्गेटेड औषधे. फॉलफॉक्स, केपॉक्स, फॉलफिरी ही नावे तुमच्या फाइलमध्ये दिसतील. त्यांच्या जोडीला बेव्हासिझुमॅब देतात. आरएएसमध्ये बदल नसेल, आणि आतड्याची मूळ गाठ डाव्या बाजूची असेल, तर सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅबचा जास्त फायदा होतो. आरएएसमध्ये बदल असेल तर या दोन औषधांचा उपयोग होत नाही. एमएसआय 'हाय' असलेल्या थोड्या रुग्णांमध्ये पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी केमोपेक्षा सरस ठरली आहे.

नेमके रेडिएशन आणि रक्तवाहिनीतून उपचार. ऑपरेशन किंवा ॲब्लेशन न झेपणाऱ्या रुग्णाच्या एक-दोन गाठींवर नेमके रेडिएशन देता येते. लिव्हरच्या धमनीतून औषध किंवा किरणोत्सर्गी कण गाठींपर्यंत पोहोचवण्याचे उपचारही आहेत. ते निवडक रुग्णांसाठी आणि खर्चिक आहेत.

लिव्हर ट्रान्सप्लांट. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रान्समेट नावाच्या अभ्यासात ट्रान्सप्लांट व केमो मिळालेल्या गटातले सुमारे ५७ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, फक्त केमोच्या गटातले सुमारे १३ टक्के. पण हे रुग्ण फार काटेकोरपणे निवडलेले होते : आजार फक्त लिव्हरमध्ये, आतड्याची गाठ काढून झालेली, केमोला टिकाऊ प्रतिसाद. आपल्याकडे बहुतेक लिव्हर जिवंत नातेवाईकाकडून घ्यावे लागते. त्यामुळे "मी माझे लिव्हर देतो" असे मुलाने किंवा मुलीने घाईने म्हणण्याआधी, पेशंट या निकषांत बसतो का हे कळले पाहिजे.

पॅलिएटिव्ह केअर. हा उपचार सोडून देण्याचा मार्ग नव्हे. वेदना, उलट्या, झोप, भूक, भीती यांवरचे उपचार केमोबरोबरच सुरू करता येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनची भीती बाळगू नका.

खरे आकडे

गाठी पूर्ण काढता आल्या तर शंभरातले ४० ते ५० रुग्ण पाच वर्षांनी हयात असतात. साधारण पाचातला एक कायमचा बरा होतो. निम्म्याहून अधिक जणांत आजार पुन्हा डोके वर काढतो, पण त्यातल्या काहींवर पुन्हा ऑपरेशन किंवा ॲब्लेशन करता येते. म्हणून ऑपरेशननंतर दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए आणि स्कॅन चुकवू नका.

गाठी काढता येत नसतील, तर आधुनिक औषधांच्या अभ्यासांत निम्मे रुग्ण साधारण अडीच वर्षांहून जास्त जगले. अभ्यासातले रुग्ण सहसा बऱ्या तब्येतीचे असतात, हे लक्षात ठेवा. कोणत्याही एका माणसाची तारीख हे आकडे सांगत नाहीत.

कोल्हापुरातून जाताना

पहिले निदान, ॲनिमियाचा उपचार, केमोच्या बऱ्याच सायकली कोल्हापुरात होऊ शकतात. लिव्हरचे ऑपरेशन मात्र जिथे ते नियमित होते तिथेच करावे. मत घेण्यासाठी एकदा बाहेर जा, ठरलेले उपचार शक्य तितके घराजवळ घ्या, असे मी सांगतो.

परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने गाठता येते. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि एसी थ्री टियरमध्ये पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षे कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देत आली आहे. जागा मिळेलच असे नसते, आधी चौकशी करा. जाताना बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड, तसेच सगळ्या स्कॅनची सीडी घ्या. नुसत्या छापील रिपोर्टवरून सर्जन निर्णय देऊ शकत नाही.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली रुग्णालये जोडलेली आहेत. त्यांचे डॉक्टर अवघड केसेस ऑनलाइन ट्यूमर बोर्डात मांडतात. तुमचे रुग्णालय यात आहे का, ते विचारा.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांखाली कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कॅन्सरची अनेक ऑपरेशन्स, केमो आणि रेडिएशन त्यात बसतात. प्रत्येक नवे औषध बसतेच असे नाही. रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारा. रान विकण्याआधी ही चौकशी करा. आणि महागड्या औषधाबद्दल डॉक्टरांना थेट विचारा : "याने किती फरक पडेल, बरे होण्यासाठी की काही महिने वाढवण्यासाठी?"

केमो चालू असताना घरी

- १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. क्रोसिन देऊन थांबू नका. थेट रुग्णालयात जा.
- ऑक्झॅलिप्लॅटिन चालू असेल तर इंजेक्शननंतरचे काही दिवस फ्रिजमधले पाणी, आइस्क्रीम, थंड ताक टाळा. गार हवेत घसा आवळल्यासारखा वाटतो, बोटांना मुंग्या येतात. मुंग्या वाढत असतील तर डॉक्टरांना सांगा, म्हणजे डोस बदलता येतो.
- इरिनोटेकॅननंतर जुलाब लागले तर ओआरएस सुरू करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.
- काढे, भस्मे, 'लिव्हर साफ करणारी' औषधे परस्पर देऊ नका. गुळवेलीच्या सेवनानंतर लिव्हरला सूज आल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत.
- खाण्यावर विनाकारण बंदी नको. अंडी, डाळी, दूध, ताजे शिजवलेले मटण-चिकन झेपेल तेवढे द्या. तिखट कमी करा, प्रथिने कमी करू नका.

पेशंटला सांगायचे का?

"त्यांना काही सांगू नका, ते खचतील," असे मला जवळजवळ प्रत्येक घर सांगते. मायेपोटी सांगते, हे मला कळते. पण बाकावर बसलेल्या माणसाला बरेच काही आधीच कळलेले असते. लिव्हरचे ऑपरेशन करायचे की नाही, मुंबईला जायचे की नाही, शेतीचे काय, मुलीच्या लग्नाचे काय, हे त्याचे निर्णय आहेत. किती जाणून घ्यायचे आहे, ते त्यालाच विचारा. तो जेवढे विचारेल तेवढे खरे सांगा.

आणखी एक. सख्खी भावंडे आणि मुले यांनी वयाच्या चाळिशीत, किंवा पेशंटला ज्या वयात आजार निघाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी.

डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या

१. आजार फक्त लिव्हरमध्ये आहे की आणखी कुठे?
२. केमोआधी लिव्हरच्या सर्जनने स्कॅन पाहिला आहे का? फाइल ट्यूमर बोर्डात गेली का?
३. गाठी आत्ता काढता येतील, केमोनंतर येतील, की येणार नाहीत?
४. आरएएस, बीआरएएफ, एमएसआयचे रिपोर्ट काय आहेत?
५. पुढचा स्कॅन कधी, आणि त्यानंतर काय ठरवायचे आहे?
६. उद्दिष्ट बरे करण्याचे आहे की आजार आटोक्यात ठेवण्याचे?

यातल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'येणार नाहीत' असे आले, तरी ते लिव्हरची ऑपरेशन्स नेहमी करणाऱ्या सर्जनकडून आलेले असू द्या. माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरच्या अंदाजावर, किंवा मोबाइलवरच्या पहिल्या ओळीवर, तिथेच थांबू नका.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. तुमच्या पेशंटचे उपचार त्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवा.)